मास्तरांची तोंडी

"प्रबंधाचा विषय थोडक्यात सांगा," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले.

मास्तरांनी तोंड उघडलं. "व... व... व..."

"वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट किती वेळ बघतात, असा विषय आहे सर," शेजारी बसलेल्या मार्गदर्शक बाईंनी सांगून टाकलं.

चौथीला शिकवणारे हे मास्तर समावेशक शिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गात आले, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. मास्तरांचं वाक्य अडलं की बाई पुढचा शब्द पुरवायच्या. त्यात माया होती, आणि खरं सांगायचं तर थोडी घाईही.

"बाई, परीक्षा यांची आहे," परीक्षक हसून म्हणाले. "उत्तरंही यांनीच द्यायची. नाहीतर गुण तुम्हाला द्यावे लागतील मला."

बाई ओशाळल्या. पण त्यांचा जीव टांगणीला लागला होता. लेखी काम झकास झालं होतं. आता या पंधरा मिनिटांत मास्तर अडले, तर दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडणार होतं.

परीक्षकांनी दोन-चार पानं उलटली. "एक विचारू? राग मानू नका. तुम्हालाच बोलायला वेळ लागतो. वर्गात मुलं हसत नाहीत?"

असं कोणी तोंडावर विचारतं का! बाईंना राहवलं नाही. "छे हो, मुलं तर यांच्यावर जीव टाकतात..."

"बाई." मास्तरांनी हात वर केला. "थ... थ... थांबा."

आवाज अगदी शांत होता. पण दोन वर्षांत मास्तरांनी त्यांना पहिल्यांदाच अडवलं होतं. बाईंना ते लागलं.

"ह... हसतात की," मास्तर परीक्षकांना म्हणाले. "पहिला आठवडा भ... भरपूर हसतात. मग..." शब्द अडला. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. "मग व... वाट बघायला शिकतात. आधी माझ्यासाठी. न... नंतर एकमेकांसाठीपण."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "एका आठवड्यात?"

"म... मुलं आहेत ना."

"आणि मोठ्यांना किती वेळ लागतो?"

मास्तर बाईंकडे बघून हसले. मग परीक्षकांकडे वळले. "द... द..."

पुढचं बाईंना ठाऊक होतं. अगदी जिभेवर आलं होतं. ओठ मिटून त्या वाट बघत बसल्या.