रिकाम्या खुर्चीची सावली

खुर्ची रिकामी होती, पण तिच्या सावलीत कोणीतरी बसलेलं होतं.

देवसिंगनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन तिरपं आत आलं होतं. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या लाकडी खुर्चीची सावली फरशीवरून त्याच्याकडे लांबली होती. चार पाय, दोन हात, पाठीच्या पट्ट्या. आणि त्या पट्ट्यांना टेकलेली एक पाठ. खांदे, मान, डोक्यावर टोपी. टोपीचं पुढचं टोक मोडून खाली लोंबत होतं.

एकोणीसशे एकसष्टचा मे महिना. नेरच्या शाळेत एकवीस दिवस चाललेल्या चित्रकला शिक्षकांच्या वर्गाची ही शेवटची परीक्षा. अठरा मास्तर सतरंजीवर गोलाकार बसले होते, प्रत्येकाच्या मांडीवर बोर्ड. विषय एकच: खुर्ची, सावलीसकट. वेळ दीड तास. शिकवणारे दाणी सर पहिल्या दिवसापासून बजावत आले होते, "माहीत असतं ते काढू नका. दिसतं ते काढा."

देवसिंगनं दिसलं ते काढलं.

या वर्गाआधी त्याला चित्रं काढायला कोणी शिकवलं नव्हतं. तांड्यावर लहानपणी तो घरांच्या भिंतीवर पडलेल्या माणसांच्या सावल्या कोळशानं गिरवायचा. तेवढ्या शिदोरीवर तो मुकुटबनच्या शाळेत मास्तर म्हणून लागला होता. हेडमास्तरांनी निघतानाच सांगितलं होतं, प्रमाणपत्र आणलं तर जूनमध्ये या, नाहीतर येऊ नका.

शेजारच्या घनश्याम मास्तरानं मान लांब करून त्याच्या कागदात डोकावलं.

"काहून बे देवसिंग, कोणाले बसवलं खुर्चीवर? सासऱ्याले?"

"तुले नाही दिसत?"

"मले खुर्ची दिसते, अन् खुर्चीची सावली दिसते." घनश्याम तोंड दाबून हसला. "रात्री झोपला होता ना तू?"

वेळ संपली. दाणी सर एकेकाचा कागद पाहत आले आणि देवसिंगपाशी थांबले.

"खुर्चीवर कोण आहे?"

"कोणी नाही, सर."

"मग ही सावली कोणाची?"

"ते मले नाही मालूम. जशी दिसून राह्यली तशी काढली."

दाणी सर त्याच्या मागे जाऊन उकिडवे बसले. देवसिंगच्या डोळ्यांच्या उंचीला आपले डोळे आणून त्यांनी फरशीकडे पाहिलं. माणूस न्यायाचा होता. मग ते उठले.

"तिथं खुर्चीची सावली आहे. उजेडाच्या वाटेत जे आहे त्याचीच सावली पडते, देवसिंग. बाकी रेखाटन उत्तम आहे, पण हे असं असताना मी तुम्हाला पास करू शकत नाही." त्यांनी खिशातून स्वतःचं रबर काढलं. "मी अजून गुण मांडलेले नाहीत. पुसा हे."

देवसिंगनं रबर हातात घेतलं, पण ते कागदावर टेकवेना. भिंतीवर सावल्या गिरवताना त्याची आई, रुपीबाई, एकच ताकीद द्यायची, "सावली काढ, पण हातानं पुसू नोको. उन्हापावसानं जाऊ दे." का, ते तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"पूस ना बे," घनश्याम कुजबुजला. "जूनमधे घरी बसून काय करशील?"

देवसिंगनं पुसायला सुरुवात केली. आधी टोपी गेली, मग मान, मग खांदे. पट्ट्यांच्या मधली पाठ घासताना कागदाला लव सुटली. काळा भुगा कागदावरून घरंगळून फरशीवर पडला. शेवटी उरली ती निव्वळ खुर्ची.

त्यानं भीत भीत समोर पाहिलं. फरशीवरही आता निव्वळ खुर्चीच होती. त्यानं सुस्कारा सोडला. तिरपं ऊन, थकलेले डोळे. दुसरं काय असणार?

"आता कसं!" दाणी सर म्हणाले. "या पुढे. पहिली सही तुमच्याच प्रमाणपत्रावर."

प्रमाणपत्रांवर सह्या उघड्या डोक्यानं करायच्या नाहीत म्हणून त्यांनी पिशवीतून टोपी काढली. एकवीस दिवसांत त्यांचं डोकं झाकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी घडी झटकली, टोपी डोक्यावर नीट बसवली. पिशवीत दबून तिचं पुढचं टोक मोडलं होतं. ते लोंबत राहिलं.

"सर, खुर्चीवर नोका बसू."

"मग कुठं बसू? खोलीत खुर्ची ही एकच." असं म्हणत ते बसले, पाठ टेकली आणि प्रमाणपत्र मांडीवरच्या बोर्डवर ठेवून टाक शाईत बुडवला.

देवसिंगनं नजर खाली नेली. फरशीवर चार पाय होते, दोन हात होते. पाठीच्या पट्ट्यांची सावली होती आणि पट्ट्यांच्या मधून ऊन सरळ पार येत होतं.

"घ्या. शाई वाळू द्या, हात लावू नका." दाणी सरांनी कागद पुढे केला.

तो घ्यायला देवसिंग जागेवर नव्हता. सतरंजीच्या कडेला तो गुडघ्यांवर बसला होता आणि फरशीवर पडलेला रबराचा भुगा चिमटीनं, कणकण करून, रुमालात गोळा करत होता.

"अहो, राहू द्या ते. शिपाई झाडून घेईल."

"नाही सर," देवसिंग मान वर न करता म्हणाला. "खिडकी लावून घ्या कोणी. वारा येऊन राह्यला."