उलटी बाटली
निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर उर्दूची मराठी झालेल्या खुलताबादच्या शाळेत बद्रीनाथ गुरुजींनी बाटलीच्या तोंडाला फुगा बांधला आणि बाटली गरम पाण्यात धरली. फुगा फुगला. "गरम हवा वर जाते, म्हणून," ते म्हणाले. सातवीतली सगीरा उठली. "गुरुजी, बाटली उलटी धरली तरी फुगंल. तापल्यावर हवेला जागाच जास्त लागती." वर्ग हसला. गुरुजींचा पारा चढला; त्यांनी तिला वर्गाबाहेर काढलं. शाळा सुटल्यावर त्यांनी बाटली उलटी धरून वरून गरम पाणी ओतलं. फुगा तसाच फुगला. सगीरा त्यानंतर आठवडाभर शाळेत आली नाही, तेव्हा ते तिच्या घरी गेले. "चूक माझी होती, रहीमभाई. पोरीला पाठवा." "आता नाय, गुरुजी," बाप म्हणाला. "वर्गातून हाकलली म्हणून आजीनं तिचा निकाहच ठरवला." पडद्याआडून सगीरानं विचारलं, "गुरुजी, फुगला का?" "फुगला, बेटा."