पुढचे दोन आकडे

शहरातल्या जुन्या दफनभूमीत पाथरवट एका संगमरवरी परीचा तुटका पंख जोडत बसला होता. एक आजी आल्या आणि त्याला आपल्या नवऱ्याच्या कबरीपाशी घेऊन गेल्या. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हा त्याच दगडावर त्यांनी आपलंही नाव कोरून घेतलं होतं, आणि पुढचं काम सोपं व्हावं म्हणून स्वतःच्या मरणाच्या सालातले '१९' एवढे पहिले दोन आकडेही.

"आजी, तुम्ही तर दगडालाच गुंगारा दिलात की!" पाथरवट हसला. "१९चं २० करून ठेवतो. पुढचे दोन आकडे सावकाश बघू, घाई काय आहे?"

आजींनी रुमालाने दगडावरची धूळ पुसली.


"तेही आत्ताच कोरून टाका, दादा. एखादं वर्ष इकडंतिकडं झालं तरी चालेल. नंतर तुम्हाला येऊन सांगणारं कुणी नाहीये."