दुपारी बंद पंप

मास्तरांच्या घरामागच्या पोहण्याच्या तलावाला पुन्हा शेवाळ धरलं होतं. महिन्यात तिसऱ्यांदा.

देखभालीला येणाऱ्या तलाववाल्याने पायरीवर पाऊल टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. "काका, नुसतं बुळबुळीत आहे. काकूंना इथे उतरवायचं नावही काढू नका."

मास्तरांचा चेहरा उतरला. बायकोच्या खुब्याच्या ऑपरेशनचे टाके केव्हाच सुकले होते. आता तिने रोज पाण्यात चालायचं, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"भिंती घासल्या, क्लोरीन वाढवलं, फिल्टर धुतला," तलाववाला म्हणाला. "आता माझी अक्कल संपली. पंप रोज आठ तास चालतो ना?"

"चालतो की!"

जन्मभर पोरांच्या थापा पकडलेल्या माणसाला स्वतःला एक थाप धड मारता येईना. कान लाल झाले.

"दुपारी बंद करतो," मास्तर पुटपुटले. "हिची खोली इथेच, पंपाच्या भिंतीला लागून. रात्रभर पाय ठणकतो हो तिचा. दुपारी तरी झोपू दे. मीही खुर्चीत बसून राहतो, अजिबात न हलता."

"अहो काका, ऐन उन्हात पाणी थांबलं तर औषध फिरणार कसं? शेवाळाचं फावणारच!"

"आणि झोपतंय कोण इथे?" खिडकीतून बायकोचा आवाज आला. "घर असं चिडीचूप झालं की माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं. वाटतं, यांना काही झालं तर नाही ना? हाक मारावी, तर म्हटलं, बिचाऱ्यांना जरा डोळा लागला असेल."

तलाववाल्याने कपाळावर हात मारून घेतला. "कमाल आहे! तुम्ही दोघं टक्क जागे, आणि चैन शेवाळाची!"

मास्तरांना हसूही आलं आणि भरूनही आलं. त्यांनी पंप चालू केला आणि आत जाऊन बायकोच्या उशाशी बसले.

"झोप आता. मी इथेच आहे."

"मग गप्प नका बसू. बोला काहीतरी."

मास्तरांनी शेवाळाचंच सुरू केलं. आधी ब्रशने खरवडायचं, मग औषध, मग पंप दिवसभर, मग तळाचा गाळ ओढून काढायचा. चार दिवसांत पाणी स्वच्छ. पाचव्या दिवशी आपण दोघं, हात धरून, पहिली पायरी.

बायको केव्हाच घोरायला लागली होती. मास्तर बोलतच राहिले. थांबलो तर तिला जाग येईल, अशी त्यांना भीती वाटत होती.