काटा सुरू होईपर्यंत

"आज सकाळी नको रे सुधीर, दुपारी कर," विमल म्हणाली. तिनं चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला.

सुधीर डिचोलीहून कॉम्प्युटर दुरुस्त करायला आला होता. सुर्ल्याच्या या वजनकाट्यावर विमल खनिजाचे ट्रक मोजायची. कॉम्प्युटर जुना, दुसऱ्या ऑफिसातून उतरवलेला. हल्ली सकाळी सुरू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा की फाटकाच्या आत ट्रकांची रांग लागायची. वजनाची पावती हातात पडल्याशिवाय ट्रक सुटत नसे, आणि फेरीवर पोट असलेले ड्रायव्हर हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे.

काट्याचे मालक गोकुळदासबाब आज स्वतः खुर्ची टाकून बसले होते.

"दर सकाळीं म्हज्यो फेऱ्यो बुडटात," ते म्हणाले. "कोणे मुद्दाम बिघडयला जाल्यार नांव सांग. आयजूच घरा धाडटां."

विमलचा चेहरा पांढराफटक पडला. सुधीरला तिच्या घरची परिस्थिती माहीत होती. दोडामार्गहून इथे आलेली बाई, नवरा खाणीत पाय मोडून घेऊन घरी बसलेला. चूल पेटायची ती हिच्याच पगारावर.

त्यानं नेटवर्कची सेटिंग उघडली आणि त्याचा हात थबकला. गेल्या महिन्यात त्यानंच या कॉम्प्युटरला कायमचा पत्ता घालून दिला होता. आता तिथे पत्ता आपोआप घेण्याची खूण होती. तसा पत्ता देणारं यंत्रच या खोलीत नव्हतं, त्यामुळे बिचारा कॉम्प्युटर रोज सुरू होताना कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत अडकून बसायचा. ही खूण आपोआप बदलत नाही. मागच्या खेपेला विमल त्याच्या शेजारी उभी राहून सगळं बारकाईनं बघत होती.

"कितें मेळ्ळें?" मालकांनी विचारलं.

"काही नाही बाब. वायर सैल होती. धूळही बरीच साठलीय."

विमल त्याच्या कानाशी वाकली. "जरा थांब रे. थोडो वेळ. पाया पडतंय तुझ्या."

तिला दरदरून घाम फुटला होता. त्याच्याकडे न बघता ती खिडकीबाहेर, खाली शाळेकडे जाणाऱ्या उताराकडे बघत होती. चोराच्या मनात चांदणं, सुधीरला वाटलं, पण राग आला नाही, कीवच आली. उशीर केला तर मालकांना संशय येणार. त्यानं झटपट जुना पत्ता घातला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. या खेपेला तो कुठेच अडकला नाही.

"शाबास!" गोकुळदासबाब उठून तिच्या मागे उभे राहिले. "घे गो पयलो ट्रक."

विमलनं बटणं दाबली. दोनदा चुकली, मालक ओरडले. पावती निघाली आणि पहिला ट्रक धूळ उडवत उतारावरून सुसाट निघाला. त्याला गाठायला दुसरा. मग तिसरा. मालक खुशीत बाहेर रांग बघायला गेले.

आता सुधीरला बरं वाटलं. आयुष्यात एक तरी पुण्य पदरात पडलं म्हणायचं. तो हळूच म्हणाला, "मी कुणाला काही सांगणार नाही, विमलताई. आता कसली भीती? नोकरी वाचली तुझी."

खुर्ची पाडून विमल दाराकडे धावत सुटली.

"चुलीत गेली ती नोकरी! पोरां शाळेत पोचापर्यंत एक ट्रक सोडीत नाय होतंय मी! आता ती उताराच्या वळणावरच असतली!"