सहावा आवाज

गाण्यात सहा आवाज होते. दोन गिटार, बेस, ड्रम, गाणारा, आणि शेवटच्या कडव्यात दर चौथ्या ठोक्याला किणकिणणारा ट्रायँगल, तो स्टीलचा त्रिकोण. मुलीने सकाळी दवाखान्यात येताना हेडफोन लावून ते पुन्हा मोजले होते. बाबांच्या मते पाचच होते.

"सहावा रेकॉर्ड कंपनीने खाल्ला," कान तपासायच्या खोलीत शिरता शिरता ते म्हणाले. "फोनवर गाणं चढवताना म्हणे साफसफाई केली. साफसफाई कसली, हात साफ केला."

गाणं बाबांच्या बँडच्या एकुलत्या एका तबकडीवरचं. पहिल्या गाण्यावर लोक नाचले. हे दुसऱ्या बाजूचं शेवटचं. त्याला कुणी कुत्रं विचारलं नाही. बाबांचा जीव मात्र त्याच्यावर. या गाण्यात कुणी कुणाच्या पुढे धावत नाही, ते म्हणायचे. शेवटच्या कडव्यात तर त्यांचा बेससुद्धा गप्प होतो, ट्रायँगलला जागा देतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी तो वाजवणारा आलाच नाही, म्हणून स्टुडिओत कोपऱ्यात बसलेल्या आईच्या हातात दिला होता. आता आई नव्हती. तबकडी घर बदलताना तडकली होती. उरलं होतं ते फोनवरचं गाणं.

"कंपनीचं उत्तर आलंय," बाबा खुर्चीत बसत म्हणाले. "लिहितात, आपण एकदा कान तपासून घ्यावेत. घ्या म्हटलं. घरचीच तपासणारी आहे. कान ठणठणीत असल्याचा दाखला दे, सही-शिक्क्याचा. तो जोडतो आणि मग बघतो काय लिहितात ते."

"जे येईल तेच लिहीन, बाबा."

"मग मी काय खोटं लिही म्हणतोय?"

तिने हेडफोनची पट्टी त्यांच्या डोक्याच्या मापाने ओढली. मग थांबली.

"बाबा, मला तो ट्रायँगल ऐकू येतो. फोनवरसुद्धा."

"तो तुला आठवतो." त्यांचा आवाज मऊ झाला. "लहानपणापासून ऐकलायस. पण आठवण वेगळी आणि आवाज वेगळा. शास्त्र तू शिकलीस, आणि हे मी सांगायचं?"

तिने हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले आणि हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी."

"बारीक तर तू बोलतेस. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात."

जाड दार लावून ती काचेच्या अलीकडे येऊन बसली. आधी उजवा कान, मग डावा. खालच्या पट्टीतले आवाज लावले. बटणासरशी तिच्यासमोरचा दिवा लगेच लागला, पुन्हा लागला. बाबांनी काचेतून भुवया उडवल्या: बघ. पट्टी चढवत ती हजार हर्ट्झवर गेली, तिथेही दिवा लागला. दोन हजारला उशिरा लागला.

मग तिने चार हजार लावले आणि आवाज थोडा थोडा वाढवत नेला. दिवा लागला नाही. ती उठली, आत जाऊन हेडफोन बदलून आली. काढलेला हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला. स्वच्छ, बारीक किणकिण येत होती. ती परत जागेवर बसली आणि पहिल्यापासून सुरू केलं.

काचेपलीकडे बाबा डोळे मिटून बसले होते. अंगठा बटणावर, मान किंचित कललेली. शेवटच्या कडव्याआधी तारांवर हात ठेवून थांबायचे, तसेच.

आवाज ओरडण्याइतका, ऐंशी डेसिबलवर गेला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"सुरू केलंस का गं?"

तिने पेन उचललं.

चार हजार हर्ट्झ. उजवा कान, ऐंशी डेसिबल: प्रतिसाद नाही. डावा कान, ऐंशी डेसिबल: प्रतिसाद नाही.