एका घराचे दोन कुटुंबप्रमुख

"एका घरात दोन कुटुंबप्रमुख कसे?" हॅवर्टीबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

कॉलेजच्या आर्थिक मदत कचेरीत हॅवर्टीबाईंच्या टेबलासमोर ब्रिजेट आईवडिलांच्या मधोमध बसली होती, म्हणजे तिच्या नेहमीच्याच जागी. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. सरकारी मदत शुक्रवारपर्यंत मंजूर झाली नाही, तर तो हातचा जाणार होता.

ती अजून आईवडिलांवर अवलंबून, म्हणून त्यांची करविवरणपत्रंही तपासायची होती. वडिलांनी, ड्वेननं, आपल्या विवरणपत्रात 'कुटुंबप्रमुख' या चौकोनात खूण केली होती. आईनं, लोर्नानंही, तिच्या विवरणपत्रात तेच केलं होतं.

"घराचा हप्ता मी भरतो," ड्वेन म्हणाला.

"आणि थंडीत हीटर बंद पडला की तळघरात कोण उतरतं? तू तर टीव्हीसमोरून हलत नाहीस!"

"एकवीस वर्षं हेच ऐकतोय, मॅडम."

"एकवीस वर्षं मीच दुरुस्त करतेय, मॅडम."

हॅवर्टीबाईंना हसू आवरेना. अशी जोडपी आली की त्यांचा दिवस बरा जायचा.

"इथे तरी नको ना!" ब्रिजेट पुटपुटली. "मागच्या महिन्यात तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला केक केला, तर सुरी कोण धरणार यावरून भांडलात."

"अगं, सोपं आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारख्या एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला ती खूण चालत नाही, ती अविवाहितांसाठी. ब्रिजेटनं अर्जात 'आईवडील विवाहित' लिहिलंय. म्हणजे तुमची दोन्ही विवरणपत्रं चुकली. विवाहित म्हणून एकच नवीन भरा, आणि इथे 'आम्ही विवाहित आहोत' याखाली सही करा. फाइल आजच पुढे जाईल. खोटं निघालं तर मात्र मदतही जाईल, वर दंड."

ब्रिजेटनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि पेन पुढे केलं.

ड्वेननं ते लोर्नाकडे सरकवलं. लोर्नानं परत ड्वेनकडे. आज पहिल्यांदाच दोघांपैकी कुणालाही पुढे व्हायचं नव्हतं.

"डॅड, कर ना सही!"

ड्वेननं घसा खाकरला.

"मॅडम, लग्नाचा परवाना शुक्रवारपर्यंत मिळतो का हो?"